सवाल रॅपचा, जवाब फिर्यादीचा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, जेथे औट्रम घाट उतरला की चाळीसगावचा खानदेशी मुलूख लागतो आणि ज्याच्या डोंगरकपारीत पितळखोऱ्याची प्राचीन लेणी व गौताळ्याचे अरण्य आहे, त्या कन्नड तालुक्याला महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकीय इतिहासात एक वेगळे स्थान अनपेक्षितपणे प्राप्त झाले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत या जिल्ह्यातील नऊ जागांपैकी सहा शिवसेनेने जिंकल्या होत्या. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी पक्षाच्या आमदारांचा मोठा गट बरोबर घेऊन प्रथम सुरत आणि मागाहून गुवाहाटी गाठली, तेव्हा या सहांपैकी पैठण, सिल्लोड, वैजापूर आणि शहरातील मध्य व पश्चिम अशा पाच मतदारसंघांचे प्रतिनिधी त्यांच्या गटाला जाऊन मिळाले आणि एकटे कन्नडचे उदयसिंह राजपूत उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिले. त्यामुळे बंडाविषयीचा वाद या जिल्ह्यात वर्तमानपत्रांपुरता राहिला नाही. तो पारावर, बाजारात आणि एकाच घरातील दोन भावांच्या बोलण्यात शिरला. कोणी निष्ठेच्या बाजूने बोलत होते, कोणी सत्तेत राहून तालुक्याची कामे होतील या व्यवहाराच्या बाजूने बोलत होते, आणि दोन्ही बाजूंना आपापली कारणे होती.

हा वाद अशा रीतीने धुमसत असता, मार्च २०२३ च्या अखेरीस, याच जिल्ह्यातील राज मुंगासे नावाच्या एका तरुण रॅपरने एक मराठी रॅप गाऊन तो समाजमाध्यमांवर प्रसृत केला. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके' ही घोषणा दिली होती, आणि मुंबईच्या बोलीत खोका म्हणजे एक कोटी असल्याने तिचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नव्हता. बंडखोर आमदारांनी पैसे घेतल्याचा हा आरोप वेळोवेळी नाकारला, परंतु घोषणा लोकांच्या जिभेवर राहिली. मुंगासे याने तिच्याच भोवती आपले गाणे रचले. त्यात कोणाचे नाव नव्हते, पण रोख कोणाकडे आहे हे ऐकणाऱ्यास क्षणभरही शोधावे लागत नव्हते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे, म्हणजे गायकाच्या गावापासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, शिंदे गटाच्या युवासेनेच्या एका पदाधिकाऱ्याने फिर्याद दिली आणि पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या ५०१, ५०४ व ५०५ (२) या कलमांखाली गुन्हा नोंदवला. लागलीच विरोधी बाजूचे जितेंद्र आव्हाड आणि याच जिल्ह्यातील अंबादास दानवे, जे त्या वेळी विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते होते, गायकाच्या समर्थनार्थ उभे राहिले. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवरही, सामान्य माणसाच्या हलाखीवर रचलेल्या गाण्याबद्दल, वडाळा येथे गुन्हा दाखल झाला. एका गाण्याने आरंभलेला वाद अशा रीतीने आठवडाभरात दोन पक्षांचा झाला, आणि गाणे मात्र बाजूला राहिले.

ते बाजूला राहिले याचीच मला खंत वाटते. ज्या प्रकारात ते रचले गेले तो प्रकार ज्यांनी जाणून घेतला आहे त्यांना हे ठाऊक असते, की रॅपमधील अधिक्षेपाचे गाणे, ज्याला रॅपर मंडळी डिस ट्रॅक म्हणतात, ते उत्तरासाठीच रचलेले असते. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कृष्णवर्णीय व कॅरेबियन वस्तीतील तरुणांच्या मेजवान्यांतून हिप-हॉप जन्मास आले, आणि अवघ्या अकरा वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच्या इतिहासातील पहिले मोठे गीतयुद्ध घडले. यूटीएफओ नावाच्या एका चमूने रॉक्सॅन नावाच्या गर्विष्ठ मुलीवर गाणे केले, तेव्हा अवघ्या चौदा वर्षांच्या एका मुलीने स्वतः रॉक्सॅन शांते हे नाव धारण करून त्या चमूला गाण्यानेच असे खडसावले, की पुढे उत्तर-प्रत्युत्तरांची माळच लागली. या परंपरेत प्रतिस्पर्ध्याच्या शब्दातील दुबळा दुवा नेमका हेरणे, त्याचीच उपमा उलटवून त्याच्यावर टाकणे आणि हे सारे ठेक्याचा तोल न सोडता करणे, यावर कवीची योग्यता ठरते. निव्वळ शिवी देणारा तेथे टिकत नाही. ऐकणारा समुदाय न्यायाधीश असतो आणि त्याच्यापुढे गप्प राहणे ही हार मानली जाते.

आपल्याकडे हा प्रकार मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून रुजला. २०१८ मध्ये मुंबईचा एमीवे बंटाय आणि दिल्लीचा रफ्तार यांच्यात 'समझ में आया क्या', 'शेख चिल्ली' व 'गिरफ्तार' अशा गाण्यांतून जी झुंज झाली, ती लक्षावधी मुलांनी पाहिली. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरून आलेल्या एमसी स्टॅनने पुढल्याच वर्षी 'खुजा मत' हे गाणे करून त्याच एमीवेला आव्हान दिले. त्या सुमारासच आलेल्या 'गल्ली बॉय' या चित्रपटाने रॅप हा शब्द खेड्यापाड्यांत पोचवला, आणि ज्या मुलाजवळ तबला-पेटी नाही, गुरू नाही, स्टुडिओ नाही, पण हातात मोबाइल आहे आणि मनात सांगण्यासारखे काही आहे, त्याला एक मार्ग मोकळा झाला. तयार ठेका उतरवून घ्यावा, त्यावर आपली यमके बसवावीत आणि मित्राकडून चित्रीकरण करून घ्यावे, एवढ्यावर गाणे उभे राहते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाला मुंबईच्या कोणत्याही प्रकाशकाची वा निर्मात्याची परवानगी न घेता आपले म्हणणे राज्यभर ऐकवता येते, ही गोष्ट माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतील एक फार मोठी सांस्कृतिक घटना आहे, आणि तिची आपल्या साहित्यविश्वाने घ्यावी तेवढी नोंद अद्याप घेतलेली नाही.

परंतु हे सारे परकीय आहे आणि आपल्या मातीत त्याला मूळ नाही, असे जे ज्येष्ठ म्हणतात, त्यांनी कलगी-तुऱ्याचे स्मरण करावे. शाहिरांचे हे दोन संप्रदाय: तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानणारे, आणि कलगीवाले शक्तीला, प्रकृतीला, मायेला आद्य मानणारे. दोन्ही फड समोरासमोर बसत, डफ-तुणतुण्याच्या साथीवर एका बाजूने भेदिक लावणीतून कूट घातले जाई, आणि दुसऱ्या बाजूने ते कूट फोडून त्याच्यापेक्षा अवघड कूट परत केले जाई. असा सामना रात्ररात्र, प्रसंगी पहाटेपर्यंत चाले. सृष्टीच्या आधी काय होते, बीज आधी की वृक्ष आधी, देहाच्या नगरीला दरवाजे किती, असे वेदान्ताचे प्रश्न घालणारी ही मंडळी बहुधा शिंपी, गवळी, शिकलगार, महार, मांग अशा जातींतील, आणि पुष्कळदा अक्षरशत्रू असत. तरी पुराणांतील आडवळणाच्या कथा त्यांना मुखोद्गत असत. प्रतिपक्षाच्या गुरूचा, त्याच्या पाठांतराचा, प्रसंगी त्याच्या रूपाचाही उपहास होई. हरलेल्याने आपला डफ वा निशाण जिंकणाऱ्याच्या स्वाधीन करावे असा दंडक सांगितला जातो. पेशवाईच्या अखेरच्या काळात होनाजी गवळी आणि जेजुरीचा सगनभाऊ शिकलगार हे दोघे प्रतिस्पर्धी म्हणून गाजले. एक हिंदू, दुसरा मुसलमान, दोघांच्याही रचना मराठी शृंगारकाव्याचे भूषण; आणि त्यांच्यातील चुरशीने दोघांचीही वाणी घासून लख्ख झाली, हे त्या रचना वाचणाऱ्यास सहज दिसते.

ही परंपरा लुप्त झाली असे समजण्याचे कारण नाही. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, जाखडी नृत्याच्या निमित्ताने शक्तीवाले आणि तुरेवाले आजही समोरासमोर उभे राहतात, आणि मुंबईत नोकरीस असलेले चाकरमानी त्या सामन्यांची नाट्यगृहे तिकिटे काढून भरतात. तमाशाच्या रंगमंचावरचा सवाल-जवाब तर चित्रपटांमुळे अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. अनंत माने यांच्या १९६४ च्या 'सवाल माझा ऐका' या चित्रपटाचे नावच त्यावरून आले.

आणि कन्नडसारख्या, शतकानुशतके दख्खनी सुलतानी, मोगली आणि निजामी अंमलाखाली राहिलेल्या मुलखात आणखी एक प्रवाह येऊन मिळालेला आहे. वली आणि सिराज यांच्या औरंगाबादेस फारसी-उर्दू काव्याची जी परंपरा होती, तिच्यात हजव, म्हणजे निंदाकाव्य, हा एक मान्यताप्राप्त प्रकार होता. अठराव्या शतकातील मिर्झा सौदा याने त्यात असे प्रावीण्य मिळवले होते की लोक त्याच्या लेखणीस भिऊन असत. त्याच्याही हजार वर्षे आधी, उमय्या खिलाफतीच्या काळात, जरीर आणि फरझदक या दोन अरबी कवींनी कित्येक दशके एकमेकांवर निंदाकाव्ये रचली. त्या द्वंद्वाचा नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. प्रतिपक्षाने ज्या वृत्तात आणि ज्या यमकात हल्ला केला असेल, त्याच वृत्तात आणि त्याच यमकात उत्तर देणे बंधनकारक असे. शत्रूची अट पाळून त्याला हरवायचे, असा हा नियम आहे, आणि ज्यास उत्तर सुचत नाही त्यास राग कितीही आला तरी तो वृत्तात बसवल्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कलगीवाला आणि तुरेवाला, एमीवे आणि रफ्तार, हे समव्यवसायी होते. राज मुंगासे याच्या समोर कोणी रॅपर नव्हता, राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे आणि त्यांचे सहकारी होते. त्यांनी काय माइक हाती घ्यावा? माझे उत्तर असे की त्यांनी स्वतः घेण्याची गरज नव्हती, पण ज्या पक्षापाशी पोवाडे गाणाऱ्यांची कधी वाण नव्हती, ज्याची सभा डफाच्या थापेवाचून सुरू होत नसे, त्या पक्षाला एक जवाबी गाणे सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. असे उदाहरण त्याच पक्षाच्या इतिहासात, फुटीच्या आधीचे, आहे. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील रेडिओ-निवेदिका मलिष्का हिने 'सोनू'च्या लोकप्रिय चालीवर खड्ड्यांविषयी महानगरपालिकेस टोमणे मारणारे गाणे केले, तेव्हा पुढे महापौर झालेल्या नगरसेविका किशोरी पेडणेकर यांनी त्याच चालीवर उलट गाणे म्हटले. जरीर-फरझदकांचा नियम, त्याची वार्ताही नसता, लोअर परळच्या एका नगरसेविकेने पाळला, आणि त्याबद्दल मला त्यांचे मनःपूर्वक कौतुक वाटते. दुर्दैवाने तेवढ्यावर थांबले नाही. पक्षाच्या अन्य मंडळींनी पाचशे कोटींच्या अब्रूनुकसानीच्या दाव्याची मागणी केली, आणि पालिकेच्या खात्याने त्या निवेदिकेच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. लोकांच्या स्मरणात ती नोटीस राहिली, पेडणेकरांचे गाणे राहिले नाही. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा याच्या शिंदे यांच्यावरील विडंबनगीतानंतर खारच्या ज्या सभागृहात ते चित्रित झाले होते त्याची मोडतोड झाली, तेव्हा तर गाण्याला गाण्याने उत्तर देण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नसावा.

सत्तेने गाण्याचा धसका घेणे हे काही आजचे नाही. निजामी राज्यात १९३८ साली औरंगाबादच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् गाण्याचा आग्रह धरला आणि त्यातून जी चळवळ हैदराबादेपर्यंत पसरली, तिला सरकारने विद्यार्थ्यांना काढून टाकून उत्तर दिले. स्वातंत्र्यानंतर अण्णाभाऊ साठे आणि त्यांच्या लाल बावटा कलापथकाच्या तमाशांवर मुंबई सरकारने मनाई केली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्यासच लोकनाट्य म्हणून पुन्हा उभे केले.

आता कायद्याकडे पाहू, कारण सामान्य वाचकास येथेच संभ्रम होतो. मुंगासे याच्यावर लावलेल्या तीन कलमांपैकी ५०१ हे बदनामीकारक मजकूर छापण्याविषयीचे आणि ५०४ हे शांतताभंग व्हावा म्हणून केलेल्या अपमानाविषयीचे. ही दोन्ही अदखलपात्र होती, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपासही सुरू करता येत नसे. प्रकरणास फौजदारी धार आली ती ५०५ (२) मुळे, कारण ते दखलपात्र व अजामीनपात्र होते. हे कलम धर्म, वंश, भाषा, जात अशा समूहांमध्ये वैर पसरवणाऱ्या विधानांसाठी होते, आणि असे दोन समूह असल्यावाचून ते लागू होत नसे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच बिलाल अहमद कालू याच्या खटल्यात स्पष्ट केले होते. एका पक्षातून फुटलेले आमदार आणि त्यांच्यावर रुष्ट झालेले मतदार हे असे दोन समूह होऊ शकतात काय, याचा विचार फिर्याद लिहून घेणाऱ्या अंमलदाराने केला असता तर बरे झाले असते. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, आशय बहुतांशी तोच राहिला. मात्र मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरील, एका कवितेबद्दल गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द करताना जे सांगितले, ते प्रत्येक ठाण्यात लावून ठेवण्याजोगे आहे: बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांचा परिणाम कणखर, विवेकी माणसाच्या मापाने मोजावा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशाच्या मापाने मोजू नये, आणि तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा प्रकरणी गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित.

अमेरिकेतही हा प्रश्न न्यायालयात गेला. २०२४ च्या वसंतात केंड्रिक लमार आणि ड्रेक या दोन अग्रगण्य रॅपरांत जुंपली, आणि लमारच्या 'नॉट लाइक अस' या गाण्याने ड्रेकवर अत्यंत गंभीर लांच्छन लावले. त्या गाण्यास पुढे पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ड्रेकने प्रतिस्पर्ध्यावर दावा न करता दोघांचीही गाणी प्रसिद्ध करणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या कंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो फेटाळला, कारण रॅपच्या द्वंद्वात तावातावाने म्हटलेली गोष्ट सुज्ञ श्रोता तपासलेले सत्य म्हणून ऐकत नाही, मत म्हणून ऐकतो. ड्रेकवरच्या लांच्छनाच्या तुलनेत पन्नास खोक्यांचे गाणे फारच सौम्य होते.

तथापि रॅपर मंडळींना केवळ शाबासकी देऊन मी थांबणार नाही. या प्रकारात प्रतिस्पर्ध्याच्या आई-बहिणीस ओढण्याची जी सवय पडली आहे, ती मला मनापासून घृणास्पद वाटते. ज्या बाईने काही केले नाही, जी फडावर नाही आणि जिला जवाब देण्याची संधी नाही, तिला गाण्यात उभे करून अपमानणे यात शौर्य कसले? अमेरिकेत टुपाक शकूर व नोटोरियस बी.आय.जी. हे दोन असामान्य रॅपर, ज्यांच्यातील वैर गाण्यांतून जगजाहीर झाले होते, १९९६ व १९९७ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने गोळ्या घालून मारले गेले. शब्दांचे वैर माणसांच्या टोळ्यांत उतरले म्हणजे काय होते याचे ते भीषण उदाहरण आहे. मराठी रॅपरांनी, ज्यांच्यापाशी कलगी-तुऱ्याची शिस्त वारशाने आलेली आहे, परक्या मुलखातील शिवराळपणाची नक्कल करू नये, हे त्यांना वडीलकीच्या नात्याने सांगावेसे वाटते. आणि विरोधी पक्षांनीही ध्यानात घ्यावे, की गायकाच्या पाठीशी उभे राहणे चांगले, पण आपली सत्ता असताना आपल्यावर गाणे झाले म्हणजे हाच न्याय आपणास लागतो. मलिष्काचे गाणे ज्या महापालिकेवर होते ती कोणाची होती, हे लोक विसरलेले नाहीत.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत या जिल्ह्यातील नऊच्या नऊ जागा महायुतीने जिंकल्या. ज्या सहा जागा २०१९ मध्ये एकसंध शिवसेनेकडे होत्या, त्या साऱ्या शिंदे यांच्या शिवसेनेकडे आल्या. कन्नडमध्ये उदयसिंह राजपूत पराभूत झाले आणि संजना जाधव आमदार झाल्या. खोक्यांची घोषणा त्या प्रचारातही ऐकू येत होती. मतदारांनी गाणेही ऐकले, घोषणाही ऐकली, आणि आपला निर्णय आपल्या हिशेबाने केला. मग त्याच्या दीड वर्ष आधी एका तरुणाच्या छोट्याशा रॅपमध्ये असे कोणते भय होते, की त्यासाठी तीनशे किलोमीटरवरच्या ठाण्यात फिर्याद द्यावी लागावी? ज्या पक्षाला मतपेटीतून एवढे उत्तर देता आले, त्याला डफावर चार ओळींचे उत्तर देता आले नसते काय?

कन्नडपासून कुडाळपर्यंत प्रत्येक पक्षात गाणारी, रचणारी, ढोलकीवर हात असणारी पोरे आहेत. तेव्हा सर्व पक्षांच्या तालुका पदाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या नेत्यावर कोणी रॅप केला तर ठाणे अंमलदाराकडे जाण्याआधी आपल्याच कार्यकर्त्यांतील अशा एका पोराला बोलवावे आणि त्याला रात्रभराची मुदत द्यावी. आणि वाचकांनी सवाल ऐकला असेल तर जवाबही तितक्याच उत्सुकतेने ऐकावा.